मारुती 800ची टिकटिक : एका आवाजाचा माग

गाडी 1997ची, कार्ब्युरेटरवाली मारुती 800. इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं, सहा व्हॉल्व्हचं, टायमिंग बेल्टवर चालणारं. तक्रार अशी, की सकाळी पहिल्या स्टार्टला बॉनेटखालून टणक, कोरडी टिकटिक येते. सहा-सात मिनिटांत ती बरीच उतरते, पण पूर्ण जात नाही. घाटात तिसऱ्या गिअरवर दाब पडला की पुन्हा वर येते. या आवाजासाठी आधी दोनदा टॅपेट ‘टाइट’ करून झाले होते, म्हणजे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट स्क्रूने कमी करून झाली होती. दोन्ही वेळा चार-आठ दिवस बरं वाटलं आणि आवाज परत आला.

टॅपेटचा आवाज आहे हे निदान चुकीचं म्हणता येणार नाही, ते अपुरं होतं. या इंजिनात टॅपेटसारखा आवाज करणाऱ्या निदान पाच जागा आहेत आणि त्यातल्या चार टॅपेटच्याच लयीत बोलतात. म्हणून पान्याला हात लावण्याआधी आवाजाची हजेरी घेतली. थंड इंजिनावर कसा, गरम झाल्यावर कसा, नुसतं रेस केल्यावर कसा, गिअरमध्ये दाबाखाली कसा, क्लच दाबल्यावर बदलतो का. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी बॉनेट उघडं ठेवून सुरू केली आणि फोनवर दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं. हे रेकॉर्डिंग पुढे फार उपयोगी पडलं, कारण माणसाचा कान कालचा आवाज आठवून आजच्याशी तुलना करण्यात कच्चा असतो. आपण पैसे खर्च केले असतील तर आवाज कमीच वाटतो.

डिपस्टिक त्याच वेळी पाहिली. तेल दोन खुणांच्या मध्ये, काळं पण पातळ झालेलं नाही, पेट्रोलचा वास नाही. तेलाचा लाल दिवा स्टार्ट झाल्याबरोबर विझत होता. इथे गडबड असती तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तेलाचा दाब मोजावा लागला असता. आवाज टिकटिक नसून खोल ‘ठक-ठक’ असेल, रेस सोडताना किंवा दाबाखाली वाढत असेल आणि जोडीला दिवा मिणमिणत असेल, तर तो बिग एंड बेअरिंगचा, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्टला जोडणाऱ्या बेअरिंगचा असू शकतो. अशी गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नये, ओढून न्यावी. या गाडीत तसं काही नव्हतं.

आता लय. क्रँकशाफ्ट (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एकदा फिरतो. आयडलिंग, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिनाचा वेग, 840 आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) धरलं, तर क्रँक सेकंदाला 14 वेळा फिरतो, कॅम 7 वेळा. एकाच व्हॉल्व्हचा, एकाच सिलिंडरच्या एक्झॉस्ट गळतीचा किंवा पेट्रोल पंपाचा आवाज सेकंदाला 7 वेळा येणार. क्रँक पुली, फ्लायव्हील, क्लच यांचा साधारणपणे 14 वेळा. अल्टरनेटर त्याच्या पुलीच्या मापाने यापेक्षा जलद फिरतो, त्यामुळे त्याचा आवाज दोन्हीशी जुळत नाही. सेकंदाला सात ठोके कानाने मोजता येत नाहीत. म्हणून रेकॉर्डिंग पाव वेगाने वाजवलं आणि दहा सेकंदांत 17-18 ठोके मिळाले, म्हणजे मूळ वेगात सेकंदाला सातच. शंका कॅमच्या बाजूची, हे इथे ठरलं.

या गाडीला आरपीएमचा काटा नाही, त्यामुळे वेग मोजायला टायमिंग लाइट (प्लगच्या ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) लावावाच लागला, आणि तोच दुसऱ्या पुराव्यालाही कामी आला. लाइटचा चिमटा एक नंबरच्या प्लगच्या वायरवर लावायचा आणि उजेड पुलीवर न मारता समोरच्या भिंतीवर मारायचा. डिस्ट्रिब्युटरच्या इंजिनात तो दिवा क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच चमकतो. आयडल स्क्रू थोडा सोडून वेग सहाशेच्या जवळ आणला की सेकंदाला पाच चमका दिसतात आणि डोळा व कान यांची जोडी जमते. प्रत्येक चमकेला एक टिक, म्हणजे अर्ध्या लयीचा आवाज. एका चमकेला दोन टिक असत्या, तर आम्ही पुली आणि फ्लायव्हीलकडे वळलो असतो. एक सावधगिरी घ्यावी लागते. ठिणगी आणि आवाज एकाच क्षणी आले म्हणून तोच सिलिंडर दोषी, असा अर्थ काढू नये. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तो त्या सिलिंडरच्या ठिणगीनंतर क्रँक साधारण 120 ते 140 अंश फिरल्यावर. चमक फक्त लय सांगते, पत्ता सांगत नाही.

लय कॅमची निघाली तरी फॅन बेल्ट काढून पाहणं सोडलं नाही, कारण त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत. अल्टरनेटरचा बोल्ट सैल करून बेल्ट उतरवला आणि थंड इंजिन तीस सेकंद चालवलं. त्याहून जास्त चालवू नये, बेल्टवर वॉटर पंपही असतो. आवाज जसाच्या तसा. अल्टरनेटर आणि पंप सुटले. बेल्ट परत बसवताना मधोमध अंगठ्याने दाबल्यावर तो सेंटिमीटरच्या आसपास लवला पाहिजे. फार ताणला तर वॉटर पंपाचं बेअरिंग घरघरायला लागतं आणि नवा आवाज शोधण्याची पाळी येते.

उरलेले संशयित पाच : टॅपेट, कॅमवर चालणारा यांत्रिक पेट्रोल पंप, एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (सिलिंडरमधला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या बिडाच्या नळीची) गळती, सैल प्लगमधून निसटणारं कॉम्प्रेशन आणि प्लगच्या वायरीतून इंजिनावर उडणारी ठिणगी. शेवटच्या दोघांचा निकाल लवकर लागतो. अंधारात बॉनेट उघडून वायरी आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर पाण्याचा हलका फवारा मारला, निळी ठिणगी कुठेच दिसली नाही. पावसाळ्यात कोकणातल्या दमट हवेत हीच तपासणी बऱ्याचदा गुन्हेगार पकडून देते. प्लगच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडलं, बुडबुडे आले नाहीत.

मग प्लगची वायर काढून पाहण्याची चाचणी. सगळं या चाचणीवर अवलंबून होतं आणि बहुतेक जण ती चुकीची करतात. चालू इंजिनावर हाताने वायर ओढू नये. झटका बसतो, आणि मोकळ्या वायरीमुळे कॉइलवर किंवा इग्निशनच्या इलेक्ट्रॉनिक भागावर ताण येतो. इंजिन बंद करायचं, वायर काढायची, तिला एक जादा प्लग लावायचा आणि तो प्लग अर्थ मिळेल असा इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवायचा, मग स्टार्ट करायचं. तीनपैकी एक सिलिंडर बंद पडला की हे इंजिन थरथरतं आणि त्याचा वेग पडतो. वेग पडला की कोणताही आवाज आपोआप बदलतो, आणि तिथे फसगत होते. म्हणून आयडल स्क्रूने वेग पुन्हा 840ला आणायचा आणि मगच ऐकायचं. प्रत्येक वेळी पंधरा-वीस सेकंद पुरेत. मुंबईसह चार महानगरांत एप्रिल 1995पासून नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. तुमच्या गाडीत तो असेल तर ही चाचणी आणखी आखडती घ्यावी. न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन पेटतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळते किंवा तडकते. जाळी फुटली की सायलेन्सरमध्ये खडे वाजल्यासारखा आवाज येतो.

एक नंबर बंद : फरक नाही. दोन नंबर बंद : फरक नाही. तीन नंबर बंद : आवाज धाडकन उतरला. पण तो शून्यावर आला नाही. मागे एक बारीक, नेमकी टिकटिक उरली आणि ती वायर काढली काय, लावली काय, सारखीच राहिली.

एकच आवाज समजून आम्ही दोन आवाज ऐकत होतो. सिलिंडर पेटणं थांबल्यावर जो आवाज मरतो तो ज्वलनाच्या दाबाचा असतो : एक्झॉस्टची गळती, पिस्टनचा आपट, बेअरिंगचा ठोका. जो मरत नाही तो कॅमच्या यंत्रणेचा, कारण रॉकरला सिलिंडर पेटला की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. आधी दोनदा टॅपेट टाइट केल्यावर थोडं बरं का वाटलं आणि आवाज का परत आला, याचा उलगडाही इथे झाला. दोघांपैकी लहान भाऊ गप्प केला जात होता, मोठा तसाच होता.

लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून ऐकण्याचा प्रयोग आम्ही याच्या आधीच केला होता आणि त्याने आमची दिशाभूल केली होती. सगळ्यात मोठा आवाज टॅपेट कव्हरवर मिळाला. ते कव्हर म्हणजे पातळ पत्र्याचा डबा. खाली कुठेही काही वाजलं तरी तो ताशासारखा घुमतो. स्क्रू ड्रायव्हर लावायचाच तर जाड ओतीव भागावर लावावा, बोल्टच्या डोक्यावर किंवा हेडच्या (सिलिंडरवरच्या ओतीव झाकणाच्या) अंगावर, आणि नेहमी दोन जागांची तुलना करावी. हवेच्या गळतीसाठी तर तो कुचकामी आहे. तिथे मीटरभर रबरी नळी घ्यावी, एक टोक कानाशी, दुसरं मॅनिफोल्डच्या जोडावरून हळूहळू फिरवावं. सळई धातूचा आवाज पकडते, नळी हवेचा. तीन नंबरच्या पोर्टपाशी नळी येताच कानात फुस्-फुस् असे धक्के बसायला लागले. (नळी फिरवताना बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी आवरलेली हवी. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा न सांगता सुरू होतो.)

खात्री करायला इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. व्हॅक्यूम क्लीनरची नळी हवा फेकणाऱ्या तोंडाला जोडून सायलेन्सरच्या टोकात ओल्या फडक्याने बसवली आणि मॅनिफोल्डच्या जोडावर ब्रशने साबणाचं पाणी लावलं. तीन नंबरच्या खालच्या कडेला फेस उसळला. आरशाचा तुकडा धरून पाहिलं तर त्याच जागी हेडवर काजळीची काळी जीभ दिसत होती. गळती थंडीत मोठी आणि गरमीत लहान का, तेही सरळ आहे : बिडाचा मॅनिफोल्ड तापून फुगतो आणि फट बरीचशी मिटते. घाटात एक्झॉस्टचा दाब वाढतो म्हणून ती पुन्हा उघडते. टॅपेटचं वागणं उलटं असतं. अॅल्युमिनियमचं हेड तापलं की टॅपेटची फट वाढते, म्हणून निव्वळ टॅपेटचा आवाज गरम इंजिनावर टिकून राहतो किंवा वाढतो. थंडीत जास्त आणि गरमीत कमी अशी टिकटिक असेल, तर टॅपेट कव्हर उघडण्याआधी मॅनिफोल्ड पाहावा. त्याच पंगतीत पिस्टनचा आपटही बसतो, पण त्याचा सूर बोथट असतो, मातीच्या मडक्यावर टिचकी मारल्यासारखा, आणि नळीत हवेचे धक्के येत नाहीत.

मॅनिफोल्डवरचा उष्णतेचा पत्रा काढला तेव्हा तीन नंबरच्या खालच्या स्टडवर (हेडमध्ये बसवलेल्या, बिनडोक्याच्या बोल्टवर) नट नव्हताच. स्टड हेडच्या सपाटीजवळ तुटलेला होता आणि तुटलेला चेहरा गंजलेला, म्हणजे मोडून बरेच महिने झाले होते. बाकीच्या नटांवर आदल्या दिवशी संध्याकाळी आणि सकाळी असा दोनदा गंज सैल करणारा स्प्रे मारला. 12 नंबरची गोटी (सॉकेट पाना) लावून नट आधी किंचित घट्ट दिशेला हलवला, करकर आवाज आला की मग सोडला, परत थोडा घट्ट, परत सोडला. सरळ जोर लावला की आठ मिलिमीटरचा जुना स्टड काडीसारखा मोडतो, आणि एकाच्या जागी तीन काढावे लागतात.

मोडलेला स्टड काढायला ड्रिल हा शेवटचा मार्ग. अॅल्युमिनियम मऊ आणि स्टड कडक, त्यामुळे ड्रिल हमखास मऊ बाजूला घसरतं. आम्ही तुटक्या टोकावर एक नट धरून वेल्डिंगने आतून भरून घेतला. पोलाद अॅल्युमिनियमला वेल्ड होत नाही, म्हणून हेडला इजा होत नाही. शिवाय त्या उष्णतेनेच गंजाची पकड सुटते. नट लाल असताना हात लावायचा नाही. काळा पडला, हाताला नुसतं गरम वाटेल इतका निवला, की पाना लावून मागे-पुढे डोलवत काढायचा. पहिला वेल्ड तुटला, दुसऱ्यात स्टड आला. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि अल्टरनेटरची जोडणी काढून ठेवली होती. ते विसरलं तर अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. आटे खराब निघाले असते तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवावं लागलं असतं, पण आट्यांतून टॅप हाताने फिरवल्यावर ते शाबूत निघाले.

नवी पॅकिंग लावून नट आवळले की काम झालं असं वाटतं, पण स्टड मुळात का तुटला हे पाहिलं नाही तर वर्षभरात पुन्हा तेच होतं. मॅनिफोल्डच्या तोंडावर पोलादी पट्टी उभी धरून खालून फिलर गेज (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पत्त्या) सरकवलं. मधल्या पोर्टपाशी 0.05 मिमीची पत्ती जात नव्हती, तीन नंबरच्या कडेला 0.25ची सहज गेली. मॅनिफोल्ड वाकला होता आणि प्रत्येक तापण्या-निवण्याला टोकाचा स्टड ओढला जात होता. इंजिनाचं फाउंडेशन (इंजिन ज्यावर टेकतं ते रबर) बसलं असेल तरी इंजिन जास्त हलतं आणि सायलेन्सरचा पाइप मॅनिफोल्डला हिसके देतो, तेही तपासलं. मागचं रबर चिरलेलं निघालं, ते बदललं. मॅनिफोल्ड लेथवाल्याकडे देऊन त्याचं तोंड सपाट करून आणलं. सगळे स्टड नवे घातले, हेडच्या बाजूला हलक्या हाताने, नटाच्या बाजूला उष्णता सोसणारं ग्रीस लावून. पॅकिंग कोरडी बसवली. सिलिकॉनचा लेप इथे टिकत नाही, जळून खपली होतो. नट मधल्या पोर्टपासून बाहेरच्या दिशेने, तीन फेऱ्यांत, शेवटी 20 न्यूटन-मीटरला. पहिल्याच फेरीत टोकाचा नट पूर्ण आवळला तर आत्ताच सरळ केलेला मॅनिफोल्ड तुम्हीच पुन्हा वाकवता.

मोठा आवाज गेला. बारीक टिकटिक आता एकटी आणि त्यामुळे स्पष्ट.

टॅपेट कव्हर पूर्ण थंड इंजिनावर उघडलं. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून रोटर एक नंबरच्या खुणेकडे आणि पुलीची खूण शून्यावर आणली, म्हणजे एक नंबरचे दोन्ही रॉकर मोकळे होतात. ते मोजून झाल्यावर क्रँक 240 अंश फिरवून तीन नंबर, आणखी 240 अंशांवर दोन नंबर. फायरिंग ऑर्डर 1-3-2 असल्याने हाच क्रम येतो, आणि रोटर दर वेळी 120 अंश सरकलेला दिसतो. प्लग काढून ठेवले तर इंजिन पान्याने सहज फिरतं. पाना लावायला जागा नसेल तर चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हाताने ढकलावी.

थंड इंजिनावर या घराण्याच्या इंजिनांत फट 0.15 मिमीच्या आसपास असते, गरम इंजिनावर 0.25च्या आसपास. शेवटचा शब्द अर्थात आपल्या गाडीच्या मॅन्युअलचा. इथे मोजल्यावर एक आणि तीन नंबरच्या एक्झॉस्टला 0.05ची पत्तीसुद्धा अडून जात होती. ‘टाइट’ करण्याचा परिणाम तो. आवाज करणारा टॅपेट इंजिन लगेच मारत नाही, पण फट नसलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि त्याची कड जळते. नशिबाने कॉम्प्रेशन तिन्ही सिलिंडरना जवळजवळ सारखं मिळालं, म्हणजे जळण्याची वेळ आली नव्हती. टॅपेटच्या बाबतीत थोडा बोलका बरा, मुका वाईट.

खरी गंमत दोन नंबरच्या एक्झॉस्टची. तिथे 0.15ची पत्ती हवी तशी, हलक्या ओढीने जात होती. कागदावर टॅपेट बरोबर, कानाला चूक. स्क्रू पूर्ण मागे घेऊन त्याचं टोक पाहिलं, तर व्हॉल्व्हच्या दांड्याने त्यात वाटीसारखा खळगा केला होता. सपाट पत्ती त्या खळग्याच्या कडांवर पूल टाकल्यासारखी टेकते आणि 0.15 दाखवते. प्रत्यक्षात दांडा खळग्यात उतरेपर्यंत फट कितीतरी जास्त असते. अशा वेळी पत्तीने कितीही वेळा सेट करा, टिकटिक राहणारच. सहाही स्क्रू आणि लॉकनट नवे घातले, कारण बाकीच्यांवरही खळग्याची सुरुवात दिसत होती. रॉकर शाफ्टवर हलवून त्याची झीज पाहिली, ती बेताची होती. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पत्ती पुन्हा घालून पाहायची. आम्हाला सहापैकी चार परत करावे लागले. कव्हरचं रबर कडक झालं होतं, तेही बदललं. नाहीतर तेल नेमकं तापलेल्या मॅनिफोल्डवर ठिबकतं आणि गाडीत जळका वास भरतो.

यानंतर उरला तो पेट्रोल पंपाचा मंद ठोका. पंपाच्या बोल्टवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला की ऐकू येई, बॉनेट बंद केलं की नाही. तो दोष आहे की स्वभाव, हे ठरवायला पंप काढून त्या जागी पॅकिंगसकट पत्र्याची झाकणी बसवली, पेट्रोलच्या नळीचं तोंड घट्ट बंद केलं आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत असलेल्या पेट्रोलवर इंजिन अर्धा मिनिट चालवलं. ठोका गेला. पंपाचा लिव्हर हाताने दाबून पाहिला, स्प्रिंग जोरकस होता, खाली गळती नव्हती, तेलाला पेट्रोलचा वास नव्हताच. पंप तसाच परत बसवला.

150 किलोमीटर झाल्यावर थंड इंजिनावर मॅनिफोल्डचे नट पुन्हा तपासले. नवी पॅकिंग दबते, त्यामुळे दोन नट थोडे फिरले, टोकाचा मात्र जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन त्याच जागी ठेवून पुन्हा दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं आणि पहिल्याशेजारी वाजवून पाहिलं. पहिल्या दोन मिनिटांतली टिकटिक गेली आहे. सहाव्या मिनिटाला, पंखा सुरू होतो तेव्हा, पत्र्याची एक झिणझिण येते. उष्णतेच्या पत्र्याच्या एका बोल्टखालचा वॉशर बसवायचा राहून गेला होता.